पीटेड व्हिस्की, तीही रेड वाइनच्या पिंपातली: बाटली बिघडलीय की माझं नाक?

अर्धा_पेग

मंडळी एक शंका आहे, हसायचं तर हसा पण उत्तर द्या. माझे भावोजी गेल्या आठवड्यात सिंगापूरहून आले, येताना ड्यूटी फ्रीतून माझ्यासाठी एक बाटली आणली, लेडेग की काय नाव आहे, खाली रिओहा कास्क फिनिश असं लिहिलंय. म्हणाले ही पीटेड आहे, म्हणजे धुराची, आणि शेवटी रेड वाइनच्या पिंपात ठेवलेली, जपून पी, पाहुण्यांना वाटत बसू नकोस. आपला अनुभव म्हणाल तर ऑफिसच्या पार्टीत ब्लेंडेड स्कॉच, बर्फ सोडा मारून, बरोबर मसाला पापड. बास.

तर शनिवारी रात्री धो धो पाऊस, हार्बर बंद, कुठे जायचा प्रश्नच नाही, म्हणलं आज उघडू. बूच काढून ग्लासात ओततोय तोवर आतून बायकोचा आवाज, "गॅसवर काय राहिलंय का बघ रे, करपल्याचा वास येतोय." मी नाक घातलं तर डोळ्यासमोर काय आलं माहितीये, आजोबा अॅडमिट होते तो हॉस्पिटलचा वॉर्ड, नुकतीच फरशी पुसलेली. त्यावर कोणीतरी होळीची राख उधळलीय आणि बाजूला जांभळाचं सरबत सांडलंय. घोट घेतला तर आधी गोड, मग धूर, मग जीभ टाळूला चिकटावी अशी कोरडी पडली. घाबरून नेहमीसारखे चार बर्फाचे खडे टाकले तर दोन मिनिटांत ग्लास ढगाळ, तांदूळ धुतल्यावर पाणी दिसतं ना तसा, आणि चव म्हणाल तर नुसती राख आणि कडूजार. ओतून दिली, खोटं कशाला बोलू.

आता प्रश्न असे की बाटली खराब झालीय का, डुप्लिकेट तर नाही ना, रंग जरा लालसर आहे म्हणजे आत वाइन मिसळलीय का, आणि ही प्यायची असते तरी कशी? भावोजींना विचारायची सोय नाही, ताईला कळलं की "एवढी महागाची आणली आणि ह्याने मोरीत ओतली" हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

चकणा_मंत्री

खराब आहे, अतिशय खराब आहे, जिवाला धोका आहे. पत्ता टाक, मी विल्हेवाट लावतो.

खाडीपलीकडचा

मंत्री दम धरा. अर्धापेग भाऊ, तुझी बाटली एकदम ठणठणीत आहे, तू सांगितलेलं एकेक लक्षण तिच्या बाजूने साक्ष देतंय.

आधी नाव. लिहिलंय तसं नाही म्हणायचं, लेचिगच्या जवळपास काहीतरी म्हणतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला मल नावाचं बेट आहे, तिथे टोबरमोरी गावात एकच डिस्टिलरी, १७९८ सालची. तीच डिस्टिलरी बिनधुराची व्हिस्की करते ती टोबरमोरी नावाने विकते आणि धुराची करते ती लेचिग नावाने.

धूर बाटलीत कुठून येतो, तर बार्लीला मोड आणतात आपण मटकीला आणतो तसे, मग ते मोड वेळेत थांबवायला बार्ली वाळवावी लागते, आणि ज्या बेटांवर झाडंच फारशी नाहीत तिथे जाळायला काय होतं तर पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत दबलेलं शेवाळ, गवत, झुडपं. वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर थर वाढतो त्याचा. विटांसारखे तुकडे कापून वाळवतात आणि पेटवतात, त्याचा दाट धूर ओलसर बार्लीला चिकटतो. किती चिकटला ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं मोजतात. लेचिगचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, साधारण ३० ते ४० पीपीएमचं, ऑक्टोमोर म्हणून एक वेडा प्रकार आहे त्याची एक बाटली ३०९ पर्यंत गेली होती. पण हा आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही, उकळताना गाळताना त्यातलं बरंच मागे राहतं. त्यामुळे दुकानात कोणी पीपीएम सांगून भाव खायला लागला की मान डोलवायची आणि पुढे जायचं.

वाइन मिसळलेली नाही. स्कॉचच्या २००९ च्या नियमांत ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल, आणि वरून घालायचं तर फक्त पाणी आणि रंगासाठी साधं कॅरमल, तिसरं काही चालत नाही. लाली आली ती लाकडातून. स्पेनमध्ये रिओहात वाइन २२५ लिटरच्या पिंपात मुरते, ती वाइन काढून घेतली तरी लाकडाच्या पोटात शिरलेली तशीच राहते, आणि मग त्याच पिंपात व्हिस्की भरली की ती हळूहळू ते सगळं बाहेर ओढते. लोणचं संपल्यावर बरणीत मीठमिरची लावून कैऱ्या टाकल्या तर मुरल्यावर जुन्या लोणच्याची चव लागतेच की. तुझ्या बाटलीवर फिनिश लिहिलंय म्हणजे मुळात ती बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात वाढली आणि शेवटचा काही काळ फक्त इथे राहिली.

आता ढगाळपणा. लेबल नीट बघ, ४६.३ टक्के आणि चिल फिल्टर केलेली नाही असं कुठेतरी बारीक अक्षरात असेल. बऱ्याच कंपन्या व्हिस्की थंडगार करून गाळतात म्हणजे त्यातले तेलकट घटक निघून जातात आणि बर्फ घातल्यावर ग्राहक घाबरत नाही. हिच्यात ते घटक ठेवलेत. बर्फाने थंड झाली, पातळ झाली, की ते गोठून ढग दिसतो, खोबरेल तेल डिसेंबरात थिजतं ना तोच प्रकार. डुप्लिकेट असती तर उलट काचेसारखी राहिली असती असं मला तरी वाटतं.

गंधाली

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त त्या हॉस्पिटलच्या वॉर्डबद्दल मला बोलायचंय कारण त्यावरून कोणी अर्धापेग यांची चेष्टा करू नये. मी फ्लेवरच्या कंपनीत काम करते, दिवसभर वास घेणं हाच धंदा, आणि तुमचं नाक अगदी उत्तम आहे हो.

पीटच्या धुरात फिनॉल जातीचे बरेच पदार्थ असतात. त्यातला ग्वायकॉल म्हणजे गोड धूर, भाजलेली कॉफी, भाजलेलं मांस, खारवून धुरावलेले मासे, यातला तो ओळखीचा वास. आणि क्रेसॉल म्हणजे डांबर, मलमपट्टी, आणि आपलं काळं फिनाईल. फरशी पुसायचं काळं फिनाईल कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या याच क्रेसॉल वगैरे मंडळींपासून करतात, म्हणजे तुम्हाला वॉर्ड आठवला तो भास नव्हता, रेणू त्याच घराण्यातला. साधं फिनॉल म्हणजे जुन्या लोकांचं कार्बोलिक अॅसिड, ते जखमेवर वापरायला जोसेफ लिस्टरने सुरुवात केली १८६५ मध्ये, आणि कुठे तर ग्लासगोत. मला ही गोष्ट फार आवडते, स्कॉटलंडचं आणि या वासाचं काहीतरी मागच्या जन्मीचं देणं आहे.

जीभ कोरडी पडली त्याला आपल्याकडे किती छान शब्द आहे, तुरट. इंग्रजीत टेस्टिंग नोट वाचल्या की ड्राय टॅनिक फिनिश वगैरे लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं हे काहीतरी वेगळंच प्रकरण. जांभूळ खाऊन बी चोखत बसलं की जे होतं तेच हे, किंवा काजूचं बोंड खाल्ल्यावर घसा धरतो ते. द्राक्षाच्या सालीतलं आणि लाकडातलं टॅनिन लाळेतली प्रथिनं धरून ठेवतं, मग तोंडातला ओशटपणा जातो. साध्या व्हिस्कीत हे बेताचं असतं, रेड वाइनच्या पिंपातल्या व्हिस्कीत जास्त, आणि धुराची राखट चव पण कोरडीच, दोन कोरड्या गोष्टी एकावर एक आल्या. त्यात तुम्ही बर्फ टाकलात. थंडीने सुगंध आणि गोडवा दबतो, तुरट कडू तेवढं वर राहतं. रेड वाइन फ्रिजमधून काढून गारेगार प्यायली तर अशीच लागते, करून बघा.

पाणी मात्र घाला. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी कॉम्प्युटरवर याचंच गणित मांडलं होतं, ग्वायकॉल पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात कुठे बसतो. अल्कोहोल खूप जास्त असलं की तो आत दडून बसतो, पाण्याने पातळ केलं की पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाच्या जवळ. तुमच्यासाठी हिशोब सोपा, ३० मिलीत चहाचा एक चमचा साध्या तापमानाचं पाणी घातलं की ४६.३ ची चाळिसाच्या जवळ येते. आधी अर्धाच चमचा घाला, वास घ्या, मग उरलेला. आणि ग्लास खाली फुगीर वर निमुळता असला तर बरा. नसेल तर छोटा वाइनचा ग्लास चालतो, स्टीलचा पेला नको एवढीच विनंती.

निवृत्त_खलाशी

बाळा, सगळ्यांनी विज्ञान सांगितलं, मी जरा वेगळं सांगतो. तीस वर्षं बोटीवर होतो, पहिल्यांदा ही धुराची दारू मी ग्लासगोच्या एका पबमध्ये प्यायलो, बाहेर बर्फाळ पाऊस, अंगात ओला कोट, आणि पहिला वास आला तो आमच्या गावच्या बंबाचा. तुम्हा फ्लॅटवाल्यांना बंब माहीत असेल नसेल, तांब्याचा, मधून नळकांडं, खाली निखारे. आमची आजी पहाटे त्यात नारळाची सोडणं आणि करवंट्या घालायची, धूर सगळ्या न्हाणीघरात, आणि अंघोळ करून शाळेत गेलो की शर्टाला दिवसभर तो वास. परक्या मुलखात त्या एका घोटाने मी रडायच्या बेतात आलो होतो, बरोबरच्या पंजाबी पोराला वाटलं मला चढली.

म्हणून सांगतो, घाई करू नकोस. ग्लासात ओत, आणि वीस मिनिटं हात लावू नको. खरोखर घड्याळ लाव. पहिल्या पाच मिनिटांत धूर आणि फळ दोन सवतींसारखे भांडत असतात, तू जे लिहिलंस राख वेगळी आणि जांभूळ वेगळं ते तेच. नंतर हळूहळू दोघी एका घरात नांदायला लागतात. तेव्हा जो वास येतो तो मला विचारशील तर आमसुलाचा, उन्हात वाळत घातलेलं कोकम आणि शेजारी पालापाचोळा पेटवलेला, मे महिन्यातली कोकणातली संध्याकाळ.

चकणा मसाला पापड बिलकुल नको, तिखटाने जीभ बधिर होते आणि तुरटपणा आणखी चावतो. सुके बोंबील आण, डोकं शेपूट काढून, थेट गॅसच्या जाळीवर भाज, कडा जराशा काळ्या झाल्या पाहिजेत, मग ठेचून त्यावर दोन थेंब खोबरेल आणि चिमूटभर मीठ. लिंबू पिळायचा मोह आवर, आंबट वाइनकडून आलंय आधीच. खारट, तेलकट, धुरकट, तिन्ही गोष्टी या दारूला लागतात. शेजारी ओरडले तर व्हिस्कीच्या वासावर ढकल, नाहीतरी एकच वास आहे.

आणि परमिट काढलंयस ना? महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ पूर्ण आणि परमिट लागतं, सगळे विसरतात.

पार्ल्याचा_पंडित

मी इथे विरोधी पक्षात बसतो. पीट आणि रेड वाइन हे लग्न मला पटलेलं नाही. पीटेड व्हिस्कीचं सौंदर्य तिच्या स्वच्छपणात आहे, धूर, मीठ, लिंबाची साल, खारा वारा, संपलं. त्यावर वाइनचं पिंप म्हणजे चांगल्या पापलेटला टोमॅटो केचप. कित्येकदा मला संशय येतो की कच्च्या व्हिस्कीचं कोवळेपण झाकायला हा गोड गुलाबी पदर ओढलेला असतो. वाइनच्या पिंपांचा आणखी एक त्रास म्हणजे गंधक, रिकामी पिंपं नासू नयेत म्हणून वाइनवाले आत गंधक जाळतात, त्याचा अंश राहिला तर ग्लासात विझलेल्या काडेपेटीचा वास येतो आणि धुराच्या व्हिस्कीत तो ओळखणंही कठीण, सगळंच जळलेलं.

अपवाद मान्य करतो. स्कॉटलंडातच कॅम्पबेलटाऊनला स्प्रिंगबँक डिस्टिलरी लाँगरो रेड नावाची धुराची व्हिस्की काढते, दरवेळी पिंप वेगळं, २०१२ ची पहिली कॅबर्ने सोव्हिन्यों या रेड वाइनच्या पिंपातली होती. एका मित्राकडे एक चाखली, गप्प बसलो. बिनपीटवाल्यात तैवानची कव्हालानची विन्यो बॅरिक घ्या, जिला २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट म्हणून निवडलं. तिथे वाइनची जुनी पिंपं आतून तासतात, शेकतात आणि परत जाळतात, व्हिस्कीतले जाणकार सल्लागार डॉ. जिम स्वान यांची पद्धत, त्यामुळे आंबूस जुनाट थर निघून जातो आणि फळ तेवढं राहतं. हे मला कळतं. नुसती ओली पिंपं आणून व्हिस्की भरणं मला कळत नाही.

खाडीपलीकडचा

पंडितजी कोवळेपण झाकतात हे काही बाटल्यांबाबत खरं आहे, पण सरसकट नाही हो. पिंप हलकं वापरलं, थोडाच काळ ठेवलं, तर धुराच्या कडा गोल होतात. अडचण होते ती जास्त मुरलं की. आपल्याकडच्या उन्हात तर फारच जपावं लागतं, स्कॉटलंडात पिंपातली साधारण दोन टक्के दारू वर्षाला हवेत उडते, बंगळुरूकडे तेच प्रमाण दहाच्या पुढे जातं, म्हणजे लाकूड पण त्याच वेगाने आत उतरणार. तरी आपल्याकडच्या रामपूर डिस्टिलरीवाल्यांनी आसवा नावाची व्हिस्की काढलीच ना, भारतीय कॅबर्ने सोव्हिन्योंच्या पिंपात फिनिश केलेली, ४५ टक्के, धूर नाही. मला आवडते.

अर्धापेग, परदेशी बाटली परत परत परवडणार नाही तर एक जुगाड सांगतो, शुद्धीवादी लोकांनी डोळे मिटा. अमृत फ्यूजन ही भारतीय व्हिस्की घे, त्यात काही बार्ली पीटेड असते, ती २० मिली, त्यात आसवा १० मिली. झाकून दहा मिनिटं ठेव. लेचिग होणार नाही पण अंदाज येईल की धूर आणि द्राक्ष एकमेकांशी काय करतात, आणि प्रमाण बदलून बघता येतं हे बाटलीत मिळत नाही.

पार्ल्याचा_पंडित

डोळे मिटले. (रविवारी करून बघतो, कोणाला सांगू नका.)

अर्धा_पेग

मंडळी रिपोर्ट देतो. आधी लेबल, ४६.३ आहे आणि चिल फिल्टर न केल्याचं पण आहे, जीव भांड्यात पडला. परमिट आहे काका, आजीवन आहे, वडिलांनीच काढायला लावलं होतं.

काल रात्री काकांच्या हुकुमाप्रमाणे मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर लावला, गंधालीताईंच्या हुकुमाप्रमाणे बायकोच्या डिनर सेटमधला छोटा वाइन ग्लास घेतला, तो तिने दिला हीच मोठी गोष्ट. सुके बोंबील सोसायटीत भाजायची हिंमत नव्हती, खिडकी उघडली, एक्झॉस्ट लावला, तरी खालच्या मजल्यावरून फोन आलाच, "तुमच्याकडे बोंबील आहेत का, दोन द्याल का." चार दिले.

पहिल्या वासाला परत वॉर्ड. पण अर्धा चमचा पाणी घातल्यावर वॉर्ड मागे सरकला, म्हणजे गेला नाही, पण दार लावून घेतलं असं झालं. पंधराव्या मिनिटाला मला जांभूळ नाही तर करवंद वाटायला लागलं, पिकलेलं काळं, बोटाला चीक लागतो ना तो चिकटपणा पण. धूर होता पण तो आता खालून येत होता, वरून नाही. बोंबलाचा तुकडा आणि मग घोट, तेव्हा तुरटपणा कुठे गेला कळलंच नाही, खारटाने त्याला गिळलं. पूर्ण चमचा घातल्यावर मात्र मला जरा पाणचट वाटली, ताई रागावू नका, माझ्यासाठी अर्धाच.

सगळ्यात मोठी गोष्ट, बायकोने ग्लास नाकाला लावला. तिला दारूचा वास सहन होत नाही. दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, "हा तर आमच्या गुहागरच्या न्हाणीघराचा वास आहे." मी तिला काकांचा बंब वाचून दाखवला नव्हता, शप्पथ. प्यायली नाही, पण ग्लास मात्र बराच वेळ हातात धरून बसली होती.

पंडितजी तुमचं पण थोडं पटलं, घोट गेल्यावर शेवटी तो गोड पदर जरा जास्तच रेंगाळतो, धूर संपतो आणि गोड राहतं, उलट झालं असतं तर मला आवडलं असतं. पुढच्या वेळी नुसती धुराची चाखून बघतो.

एक शेवटचं, उघडलेली बाटली किती टिकते? भावोजी गणपतीत येणारेत, तोवर थोडी तरी दिसायला हवी.

गंधाली

गणपतीपर्यंत आरामात, काही महिने काही होत नाही. अर्ध्याच्या खाली गेली की आतल्या हवेने धूर हळूहळू मवाळ होतो, तेव्हा छोट्या बाटलीत काढून ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवू नका, अल्कोहोल बूच खातं. ओट्याजवळ आणि खिडकीत नको, कपाटात उभी. आणि रागावले नाही, अर्धा तर अर्धा.

निवृत्त_खलाशी

सूनबाईंना माझा नमस्कार सांग. गुहागरला आमचे पुष्कळ नातेवाईक.

चकणा_मंत्री

मंडळी इथे बाटलीची काळजी चालू आहे आणि कोणी हे विचारत नाही की उरलेल्या बोंबलांचं काय झालं.